डीपी रोडमध्ये अडकलेली जमीन: निवेदनं बास, आता १२७ची नोटीस टाका

वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा. महाराष्ट्रातल्या एका वाढत्या शहराच्या हद्दीत, हायवेला लागून ३० गुंठे जमीन. २००३ला लागू झालेल्या डीपीत (शहराच्या विकास आराखड्यात) तिच्यातून २४ मीटरचा रस्ता दाखवलाय, हायवे आणि रिंग रोड जोडणारा. इतकी वर्षं ना संपादन ना पैसे, बांधकाम परवानगीही नाही. आता हायवे सिक्स-लेन होतोय आणि सुधारित डीपीच्या मसुद्यात तोच रस्ता ३० मीटरचा झालाय. सातबारा अजून वारलेल्या वडिलांच्या नावावर. 'दहा वर्षं उलटली म्हणजे आरक्षण आपोआप गेलं ना?'

नाही गेलं. हा 'आपोआप' शब्द कोणी पसरवलाय माहीत नाही, पण दर महिन्याला चार-पाच जण तोच घेऊन येतात. एमआरटीपी ॲक्टचं, म्हणजे महाराष्ट्राच्या नगररचना कायद्याचं, कलम १२७ नीट वाचा. डीपी लागू झाल्यापासून १० वर्षांत जमीन घेतली नाही तर तुम्हाला फक्त नोटीस द्यायचा हक्क मिळतो. नोटीस दिल्यावर २४ महिने (२०१५च्या दुरुस्तीच्या आधी १२ होते), त्यातही संपादनाची पावलं उचलली नाहीत तर मग आरक्षण व्यपगत, म्हणजे संपलं. नोटीसच नाही तर घड्याळ सुरूच झालेलं नाही. तुमचा हक्क २०१३लाच तयार होता, तेव्हापासून तुम्ही काय केलं तर आमदारांना निवेदन, नगरसेवकांना निवेदन, दोन माहिती अधिकार अर्ज. १२७च्या हिशेबात त्याची किंमत शून्य.

आता तुमचं सगळं ज्यावर अवलंबून आहे ती गोष्ट. सुधारित डीपीला शासनाची अंतिम मंजुरी मिळालीय का? सुप्रीम कोर्टाने प्रफुल्ल दवे प्रकरणात सांगितलंय की सुधारित आराखडा अंतिम होईपर्यंत मालकाने नोटीस दिलीच नसेल, तर १० वर्षं नव्या आराखड्यापासून पुन्हा मोजायची. म्हणजे आणखी १० वर्षं गप्प बसा, मग नोटीस, मग २४ महिने. माझ्याकडे एक आजोबा आले होते, कापडी पिशवीत अकरा निवेदनांच्या पोचपावत्या, प्रत्येक प्लास्टिकच्या पाकिटात, तारखेप्रमाणे लावलेल्या. सुधारित डीपी मंजूर होऊन दीड महिना झाला होता. काय सांगणार त्यांना, चहा दिला.

तुम्ही लिहिलंय की हरकतींची सुनावणी झाली आणि मसुदा शासनाकडे गेलाय. म्हणजे दार अजून उघडं दिसतंय, पण किती दिवस ते कोणीच सांगू शकत नाही, मंजुरी उद्याही येईल, तीन वर्षंही लागतील. नोटीस दिल्यावर २४ महिन्यांच्या मध्येच मंजुरी आली तर महापालिका नक्की वाद घालणार. तेव्हा सुप्रीम कोर्टाचा २००२चा भावनगर युनिव्हर्सिटी निकाल कामाला येईल, आराखडा नुसता सुधारायला घेतला म्हणून मालकाचा नोटिशीचा हक्क जात नाही असं सांगणारा; तो गुजरातच्या कायद्यावरचा आहे पण तत्त्व जवळचं आहे, तरी तिथे मी खात्री देणार नाही. नोटीस आधी पडलेली असेल तर निदान भांडायला जागा राहते.

वारस नोंद अजून केली नाही हे वाचून डोक्याला हात लावला. ती आधी होऊ दे मग नोटीस, असं कोणी सांगेल तर ऐकू नका, फेरफारात हरकत आली की महिने जातात. १२७मध्ये 'मालक किंवा हितसंबंध असलेली व्यक्ती' असं म्हटलंय, तेव्हा वारस म्हणून तुम्ही नोटीस देऊ शकता. मात्र नोटिशीसोबत हक्काचे कागद जोडायलाच लागतात, त्याशिवाय दिलेली नोटीस महापालिका पहिल्याच उत्तरात उडवते. सातबारा, वडिलांचा मृत्यू दाखला, वारस नोंदीच्या अर्जाची पोच, झोन दाखला, भाग नकाशा, असतील तेवढे लावा. बहिणींच्याही सह्या घ्या, त्यांचाही वाटा आहे, नंतर तोंड पाडून बसायला नको. आयुक्तांच्या नावाने आवक विभागात स्वतः द्या, तुमच्या प्रतीवर तारखेसह गोल शिक्का घ्या, वर एक प्रत स्पीड पोस्टने.

'प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवला आहे' असं पत्र आलं तर घाबरू नका. नुसता ठराव किंवा पत्र म्हणजे संपादनाचं पाऊल नाही, हे गिरनार ट्रेडर्स निकालाने २००७लाच सांगितलंय. तरी शेवटी राजपत्रात आदेश येईपर्यंत परवानगी विभाग बांधकामाला हात लावणार नाही, बहुतेक हायकोर्टात रिट करावीच लागेल आणि तिथे किती वेळ जाईल ते विचारू नका.

हायवेच्या रुंदीकरणाची पट्टी वेगळी. तो नॅशनल हायवे असेल तर तिथे १२७ चालत नाही. नॅशनल हायवे कायद्यातल्या कलम ३-ए ची (जमीन घ्यायच्या इराद्याची) अधिसूचना निघाल्यापासून २१ दिवसांत हरकत, आणि ३-डी ची (संपादनाची) घोषणा निघाली की जमीन केंद्र सरकारची, मग भांडण फक्त मोबदल्याचं. तेव्हा पेपरातल्या बारीक टायपातल्या जाहिराती वाचत चला, घरी पत्र येईल याची वाट बघू नका. आणि कोणी इंजिनिअर 'आगाऊ ताबा द्या, टीडीआर नंतर बघू' (टीडीआर म्हणजे जमिनीच्या बदल्यात मिळणारे, दुसरीकडे वापरता येणारे बांधकामाचे हक्क) म्हणत कागद पुढे करेल, त्यावर मला दाखवल्याशिवाय सही नको.

एक विचार मात्र करा, रस्ता खरंच रद्द व्हायला हवाय का? उरलेल्या जमिनीला रुंद रस्त्याचं तोंड मिळालं तर एफएसआय (जमिनीवर किती बांधकाम करता येतं ते) आणि टीडीआरचं गणित तुमच्या बाजूने फिरू शकतं. नकाशा बघितल्याशिवाय मी हो-नाही म्हणणार नाही. पण ते नोटीस दिल्यावर ठरवू. आधी मसुदा नेमका कुठे आहे ते नगररचनाच्या टेबलापाशी जाऊन विचारा, फोनवर नको, फोनवर सगळं 'प्रोसेसमध्ये' असतं.