कोकणातल्या छोट्या विमानतळाला पुढे काय लागेल, हे आधी कसं ठरवतात?

तुमचा प्रश्न असा आहे: सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या चिपीच्या विमानतळावर आज मोजकीच विमानं येतात, तरी विस्ताराच्या गोष्टी चालतात; मग पुढच्या वीस वर्षांत काय बांधायचं हे कशावरून ठरवतात, आणि टर्मिनल मोठं करणं आधी गरजेचं आहे का?

मी याच क्षेत्रात काम करतो आणि गाव वेंगुर्ला तालुक्यातच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझं मत आधीच सांगतो: टर्मिनल आधी नको. आधी भर पावसात विमान उतरेल याची सोय हवी.

लोक वर्षाचे एकूण प्रवासी विचारतात. नियोजनात खरा आकडा गर्दीच्या तासाचा. चिपीचं टर्मिनल गर्दीच्या तासाला जाणारे २०० आणि येणारे २०० प्रवासी धरून बांधलंय. एटीआर ७२ या छोट्या, पंख्यांच्या विमानात सत्तरेक माणसं बसतात. त्या हिशेबाने जागा भरपूर. पण एअरबस ए३२० आलं की १८० उतरतात आणि तासाभरात १८० चढतात, म्हणजे एकाच विमानाने टर्मिनल जवळजवळ भरलं. त्याच तासाला दुसरं ए३२० आलं, तर वर्षभर इमारत ओस असली तरी त्या तासाला उभं राहायला जागा नसेल. विमानतळ जितका छोटा, तितकी गर्दी एका तासात जास्त गोळा होते. अमेरिकेच्या फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनच्या कोष्टकात वर्षाला लाखाच्या आत प्रवासी असतील तर गर्दीच्या तासाला त्यांच्या ०.२० टक्के धरतात. दहा लाख ते एक कोटी प्रवाशांच्या विमानतळाला फक्त ०.०५ टक्के.

आता आपल्याकडची मेख. इतर ठिकाणी सुट्टीची गर्दी चांगल्या हवेत येते. आपल्याकडे मेची गर्दी आहेच, पण चाकरमानी येतात ते भाद्रपदात, गणपतीला. तेव्हा सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, काय अवस्था असते ते तुम्ही पाहिलं असेल. परुळ्याच्या बाजूने ढग सरळ कातळावर टेकतात, पलीकडचं झाड दिसेनासं होतं, दहा मिनिटांनी ऊन पडतं आणि परत सर येते. वैमानिकाला डोळ्यांनी पाहून उतरायचं तर साधारण पाच किलोमीटर दृश्यमानता लागते. तेवढी नसेल तर विमान घिरट्या घालून दुसरीकडे जातं, आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी घरी निघालेला माणूस भलत्याच गावी उतरतो. असं दोनदा झालं की तो माणूस पुढच्या वर्षी कोकण रेल्वेचंच तिकीट काढतो. म्हणून उपकरणांच्या आधारे उतरण्याची पूर्ण व्यवस्था, धावपट्टीचे आणि त्याआधीचे दिवे, हवामानाची नोंद घेणारी यंत्रं, हे माझ्या यादीत पहिलं.

गर्दीच्या तासातही एक बारकावा आहे. बरेच नियोजनकार वर्षातला सर्वांत गर्दीचा तास धरत नाहीत, गर्दीच्या क्रमाने तिसावा धरतात. दिवसाला दोन-तीनच विमानं असतील तर पहिले तीस तास गणपतीतच संपतात. हिशेबातून सण गळला म्हणून काहीजण ओरडतात. मला मात्र ते पटतं. घरात लग्न निघालं म्हणून कोणी दोन खोल्या वाढवत नाही, खळ्यात (अंगणात) माटव घालतो. गणपतीच्या दिवसांत टर्मिनलबाहेर न गळणाऱ्या छपराची, पंखे-बाकांची तात्पुरती जागा आणि दोन जादा चेक-इन काउंटर पुरतात. दहा दिवसांसाठी काँक्रीट ओतू नये.

पाण्याकडे मात्र कोणाचं लक्ष जात नाही. मोठं विमान आलं की अग्निशमनाची श्रेणी वाढते. एटीआरला पाचवी श्रेणी चालते, ए३२० ला सहावी लागते. फेसासाठी बंबांतलं पाणी ५,४०० लिटरवरून ७,९०० लिटरवर जातं, वर पुन्हा भरण्याचा साठा वेगळा. मे महिन्यात सड्यावर पाण्याची काय गत असते हे गावातल्या बायकांना विचारा. चार महिने जांभ्यावरून वाहून जाणारं पाणी तिथेच तळं करून साठवलं पाहिजे, आणि हे काम टर्मिनलच्या आधीचं आहे.

मागणीचा अंदाज बांधताना सरळ चढती रेघ ओढू नये. ९ ऑक्टोबर २०२१ ला चिपी सुरू झालं, चौदा महिन्यांत गोव्यातल्या मोपा विमानतळाचं उद्घाटन झालं, आणि जानेवारी २०२३ पासून तिथून विमानं उडू लागली. बांदा-सावंतवाडीच्या माणसाला मोपा जवळचं. शिवाय छोट्या शहरांच्या विमानसेवेसाठी असलेल्या केंद्राच्या उडान योजनेतलं अनुदान एका मार्गाला तीन वर्षंच मिळतं. मुंबईच्या अनुदानित फेऱ्या २०२४ मध्ये थांबल्या. म्हणून "२०३५ मध्ये अमुक बांधू" असं न लिहिता "सलग दोन हंगाम एकाच तासात दोन मोठी विमानं आली, की टर्मिनलचा पुढचा टप्पा" असं लिहावं. वर्ष चुकलं तरी योजना चुकत नाही.

जागेचं मात्र थांबून चालत नाही. अडीच किलोमीटरच्या धावपट्टीला डोळ्यांनी उतरायचं असेल तर मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना ७५ मीटर मोकळी, सपाट पट्टी चालते; उपकरणांनी उतरायचं तर १४० मीटर. धावपट्टीच्या टोकापलीकडची सुरक्षित जागा किमान ९० मीटर, पण शिफारस २४० मीटरची आहे. मंगळूरला २०१० मध्ये आणि कोळिकोडला २०२० मध्ये विमानं पठाराच्या कडेवरून खाली गेली. चिपीही सड्यावरच आहे, त्यामुळे ही शिफारस मी बंधनकारकच मानतो. आणि परिसरात हॉटेल, टॉवर किंवा माडीचं घर बांधणाऱ्या प्रत्येकाने उंचीचा ना-हरकत दाखला आधी काढावा. तुम्ही ग्रामसभेत बोलणार असाल तर टर्मिनलऐवजी हे दोन मुद्दे मांडा: पट्टीची जागा आजच राखून ठेवा, आणि कुठे किती उंच बांधता येतं याचा नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा.