औद्योगिक रोबोट शिकायचाय? आधी फ्रेम पक्क्या कर

तू मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहेस, लाइन फॉलोअर (जमिनीवरची रेघ पकडून चालणारा छोटा रोबोट) करून झालाय आणि आता चाकणच्या वाहन कारखान्यांत असतात तसे रोबोट शिकायचेत. आरओएसपासून (रोबोट ऑपरेटिंग सिस्टिम, रोबोटसाठीचं सॉफ्टवेअर) सुरुवात करावी की पैसे भरून कोर्स लावावा, हा तुझा प्रश्न. माझं मत स्पष्ट आहे: या दोन्हींच्या आधी को-ऑर्डिनेट फ्रेम शिक, म्हणजे जागा आणि दिशा जिथून मोजायची तो शून्यबिंदू आणि त्याच्या तीन दिशा. उत्पादनाच्या लाइनवर आलेला नवा इंजिनिअर प्रोग्रामच्या भाषेत फारसा अडत नाही, फ्रेममध्ये अडतो.

लाइन फॉलोअरमुळे सेन्सर, मोटर आणि फीडबॅक तुला कळलेत, ते पुढे कामी येतील. पण कारखान्यातला रोबोट बोल्टने जमिनीला जखडलेला असतो. त्याला सतत दोनच गोष्टी ठरवाव्या लागतात: हत्याराचं टोक कुठे आहे आणि त्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे. जागेला तीन आकडे, दिशेला तीन, म्हणून अक्ष (फिरणारे सांधे) सहा. ढोबळमानाने पहिले तीन अक्ष जागा गाठतात आणि मनगटाचे तीन दिशा देतात. टेबलावर सपाट ठेवलेले सुटे भाग उचलून बसवायचे असतील तर चार अक्षांत भागतं. जपानमधल्या यामानाशी विद्यापीठाच्या हिरोशी माकिनो यांनी विकसित केलेला स्कारा रोबोट याच कामाचा.

आता फ्रेम. रोबोटच्या पायाशी बेस फ्रेम, हत्याराच्या टोकाशी टूल फ्रेम, फिक्श्चरवर (काम करायचा भाग पकडून ठेवणारी चौकट) यूजर फ्रेम. वेल्डिंग टॉर्च नुसती बोल्टने बसवली तर रोबोटला तिचं टोक माहीतच नसतं. तो फ्लँजचा (मनगटाच्या शेवटची, हत्यार जोडायची चकती) मध्य हेच टोक समजतो. म्हणून टीसीपी (टूल सेंटर पॉइंट), म्हणजे हत्याराच्या टोकाचा बिंदू, शिकवावा लागतो. एक टोकदार पिन घट्ट बसवायची आणि टॉर्चचं टोक चार वेगवेगळ्या कोनांतून तिला टेकवायचं. चारही वेळा फ्लँजचा मध्य त्या पिनेभोवतीच्या एकाच गोलाच्या पृष्ठभागावर असतो, आणि चार बिंदूंवरून गोलाचा केंद्रबिंदू काढता येतो. कंट्रोलर हेच गणित करतो. मग पेंडंटवरून (रोबोट चालवायचा हातातला नियंत्रक) टूलचा कोन बदलून बघायचा: टोक पिनेवरच राहिलं तर टीसीपी बरोबर, सरकलं तर पुन्हा करायचा.

याचा फायदा लाइनवर कळतो. टॉर्च आपटून वाकली तर टीसीपी नव्याने घ्यायचा. फिक्श्चर सरकलं तर यूजर फ्रेम नव्याने शिकवायची. प्रोग्राममधल्या बिंदूंना हात लावावा लागत नाही. ज्याने सगळं बेस फ्रेममध्ये शिकवून ठेवलंय, तो रात्रपाळीला एकेक बिंदू दुरुस्त करत बसतो. म्हणून एका फ्रेममधली जागा आणि दिशा दुसऱ्या फ्रेममध्ये नेणारे चार बाय चारचे ट्रान्सफॉर्मेशन मॅट्रिक्स वहीत, हाताने गुणून बघ. कंपनीगणिक दिशा लिहायची पद्धतही बदलते: कुकामध्ये ए-बी-सी कोन, फानुकमध्ये डब्ल्यू-पी-आर, एबीबीमध्ये क्वाटर्नियन (दिशा चार आकड्यांत). मॅट्रिक्स समजला असेल तर यातलं काहीच परकं वाटत नाही.

रिपीटेबिलिटी आणि अ‍ॅक्युरसी यांत गल्लत करू नकोस. कॅटलॉगमध्ये ±०.०५ मिमी असं दिसतं, ती रिपीटेबिलिटी: शिकवलेल्या बिंदूवर रोबोट पुन्हा पुन्हा किती जवळ येतो. संगणकावरून दिलेल्या आकड्यावर तो किती अचूक पोचेल, हा वेगळा प्रश्न. पहिल्या अक्षाच्या शून्यात फक्त ०.१ अंशाची चूक असली तरी १.५ मीटर लांब पसरलेल्या हाताचं टोक सुमारे २.६ मिमी बाजूला जातं. पेंडंटने बिंदू शिकवताना ही चूक झाकली जाते, कारण डोळ्यांनी बघून आपणच ती भरून काढतो. संगणकावर लिहिलेला ऑफलाइन प्रोग्राम चढवला की ती उघडी पडते.

सिंग्युलॅरिटीही समजून घे, म्हणजे हाताची अशी स्थिती जिथे टोकाची एखाद्या दिशेची हालचाल अडते. पाचवा अक्ष शून्यावर आला की चौथा आणि सहावा एका रेषेत येतात. टोक सरळ रेषेत न्यायची आज्ञा याच जागेतून गेली, तर अक्षांना अशक्य वेगाने फिरावं लागतं आणि रोबोट एरर देऊन थांबतो. वर्गात जेकोबियनचा (सांध्यांचा वेग आणि टोकाचा वेग जोडणारा मॅट्रिक्स) डिटरमिनंट शून्य येतो म्हणून शिकवतात, तो हाच. उपाय बहुधा साधा असतो: फिक्श्चर किंवा टॉर्चचा कोन थोडा बदलायचा, नाहीतर तेवढा टप्पा जॉइंट मूव्हने (सरळ रेषेचा आग्रह सोडून सांधे थेट फिरवून) घ्यायचा.

पेलोडबद्दल (रोबोट पेलू शकतो ते वजन) थोडक्यात: १० किलोच्या रोबोटला ४ किलोचा ग्रिपर लावला की जॉबसाठी, म्हणजे उचलायच्या भागासाठी, ६ किलोच उरतात, आणि वजन फ्लँजपासून लांब असेल तर त्याहूनही कमी.

सुरक्षिततेला मात्र पहिल्या दिवसापासून वेळ दे. १९६१ साली जनरल मोटर्सच्या न्यू जर्सीतल्या कारखान्यात पहिला युनिमेट (औद्योगिक रोबोट) लागला, तो डाय कास्टिंगचे तापलेले भाग उचलायला. माणसाला धोक्यातून बाहेर काढायला आलेलं हे यंत्र स्वतःही तितकंच धोकादायक आहे. म्हणून मॅन्युअल मोडमध्ये टोकाचा वेग २५० मिमी प्रति सेकंदाच्या आत ठेवतात. पेंडंटमागचं बटण अर्धं दाबलं तरच रोबोट हलतो. सोडलं किंवा घाबरून घट्ट आवळलं तरी थांबतो. स्थिर उभा असलेला रोबोट बंद आहे असं कधीही धरू नकोस, तो पीएलसीच्या (लाइनवरची यंत्रं चालवणारा संगणक) सिग्नलची वाट बघत असू शकतो. कुंपणाच्या दाराचा इंटरलॉक (दार उघडताच रोबोट थांबवणारी यंत्रणा) बायपास करायला कोणी सांगितलं, तर सांगणारा कितीही मोठा असो, ठाम नकार दे.

घरी बसून करण्यासारखं: पायथनमध्ये दोन दुव्यांच्या हाताचं इन्व्हर्स कायनेमॅटिक्स (टोकाच्या जागेवरून सांध्यांचे कोन काढणं) लिही. एकाच बिंदूला कोपर वर आणि कोपर खाली अशी दोन उत्तरं येतील. हात पूर्ण ताणला की दोन्ही एक होतात, तीही सिंग्युलॅरिटीच. मग रोबोटस्टुडिओ किंवा रोबोडीके या संगणकावर रोबोट चालवून बघायच्या सॉफ्टवेअरची चाचणी आवृत्ती घेऊन टूल आणि यूजर फ्रेम बदलून तोच प्रोग्राम चालवून बघ. आरओएस त्यानंतर शिक. संशोधनात आणि मोबाइल रोबोटमध्ये ते लागतं, वेल्डिंग लाइनवर मात्र कंपनीची स्वतःची भाषा चालते.

कोर्सला पैसे भरण्याआधी तिथे जाऊन दोन गोष्टी विचार: प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात पेंडंट किती तास असतो, आणि टीसीपी प्रत्येकाकडून करून घेतात की एकदा करून दाखवतात. नुसतं दाखवत असतील तर पैसे भरू नकोस.