मिंटवाली सिगारेट घशाला लागत नाही, मग तिचं व्यसनही कमी लागतं का?

तुम्ही विचारलंय की फिल्टरमधली गोळी दाबून ओढायची मिंटवाली सिगारेट साधीपेक्षा सौम्य लागते, तर तिची सवयही कमीच लागत असेल ना? मी सोलापुरात सहा वर्षं हीच ओढली. घशाला लागत नाही म्हणूनच ती जास्त पकडते, असं माझं ठाम मत आहे.

आमची आई घरी विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि तंबाखू. हजार विड्या पूर्ण झाल्याशिवाय ती उठायची नाही. आठवीत असताना मी चोरून एक विडी पेटवली. पहिल्याच झुरक्याला असा ठसका लागला की डोळ्यांना धारा लागल्या, आणि पुढं कॉलेजला जाईपर्यंत मी त्या वाटेला गेलो नाही. तो ठसका म्हणजे शरीराचा नकार होता. कॉलेजात एका मित्रानं टपरीवर क्लिकवाली, म्हणजे गोळी दाबायची मिंटवाली, हातात दिली, तेव्हा ठसका आलाच नाही.

त्याचं कारण मेंथॉल, म्हणजे पुदिन्यातला थंडावा देणारा पदार्थ. आपल्या तोंडाघशात थंडी ओळखणारे ग्राहक (पेशींवरचे संदेश टिपणारे रेणू) असतात, ते मेंथॉलनं चेतवले जातात. धूर तेवढाच गरम असतो, तरी मेंदूला गार वाटतं आणि जळजळ दबते. निकोटिन मुळात घशाला झोंबतं. ते झोंबणं झाकलं गेलं की नवख्या पोरालाही धूर छातीत ओढता येतो, आणि तिथून निकोटिन 10 ते 20 सेकंदांत मेंदूत पोचतं. शिवाय मेंथॉलमुळे शरीरात निकोटिनचा निचरा थोडा मंदावतो, असं माणसांवरच्या अभ्यासात दिसलंय. उंदरांच्या मेंदूत तर निकोटिनचे ग्राहकच वाढलेले आढळले.

इतर सिगारेटींच्या तंबाखूतही साखर, कोको, ज्येष्ठमध घालतात. साखर जळून अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचं रसायन तयार होतं. प्रयोगात निकोटिनच्या जोडीला ते मिळालं तेव्हा उंदीर निकोटिनसाठी जास्त धडपडले. (म्हणून विडी बरी असं मात्र समजू नका. तंबाखूत मुळातच साखर असते, आणि निकोटिन तर असतंच.)

अमेरिकेनं 2009 च्या कायद्यानं फळांच्या, लवंगेच्या स्वादाच्या सिगारेटी बंद केल्या, पण मेंथॉलला सूट दिली. युरोपीय संघानं 20 मे 2020 पासून तेही बंद केलं. आपल्याकडे 2019 मध्ये ई-सिगारेटवर बंदी आली, मिंटवाली मात्र अजून टपरीवर मिळते. कॉलेजच्या पोरांच्या हातात ती दिसली की मला फार वाईट वाटतं.

सोडताना मला सगळ्यात जड गेला तो वास. टूथपेस्ट, पेपरमिंटची गोळी, सर्दीचा बाम, कुठलाही थंडावा जाणवला की हात खिशाकडे जायचा. एवढ्या वर्षांत मेंदूनं तो वास आणि निकोटिन यांची गाठ मारून ठेवली होती. शेवटी मी पेस्ट बदलून लवंगेची आणली आणि खिशात भाजकी बडीशेप ठेवायला लागलो. तुम्हाला सोडायची असेल तर 1800-11-2356 या सरकारी क्रमांकावर फोन करा, पैसे पडत नाहीत. आणि तुम्ही मिंटवाली ओढता हे त्यांना आवर्जून सांगा.