ट्यूब लावली की जातं, सोडली की परत येतं : बुरशीच्या आजारांबद्दल वाचकांचे प्रश्न

उन्हाळा चढू लागला की सोलापुरात नायट्याचे पेशंट वाढतात. यंदा आलेल्या पत्रांतही बुरशीचेच प्रश्न जास्त होते.

प्रश्न : मी अक्कलकोट रोडला यंत्रमागावर कामाला आहे. आठ महिने झाले, जांघेत नायटा आहे. मेडिकलमधली ट्यूब लावली की चार दिवसांत खाज जाते. सोडली की परत येते आणि आधीपेक्षा जास्त पसरते. आता बायकोलाही झालंय. माझं काय चुकतंय?

दादा, तुमच्यापेक्षा त्या ट्यूबचा दोष मोठा आहे. तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन असं काही दिसलं तर ते स्टिरॉइड आहे. स्टिरॉइडनं खाज आणि लाली दबते, पण कातडीची बुरशीशी लढायची ताकदही दबते. वरून बरं वाटतं आणि आत बुरशी पसरत राहते. महिनोन्‌महिने लावलं तर जांघेतली कातडी पातळ होऊन चरे पडतात, आणि ते चरे नंतर कधीच जात नाहीत. स्टिरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून केंद्र सरकारनं २०१८ मध्ये नियम कडक केले. तरीही ती काउंटरवर मागितली की मिळतात, याची मला फार चीड येते.

दुसरी गोष्ट, बुरशीच बदलली आहे. २०२० मध्ये जपानमधल्या संशोधकांनी भारतीय आणि नेपाळी पेशंटच्या कातडीतून मिळालेल्या बुरशीला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी हे नाव दिलं. आपल्याकडे हट्टी नायट्यात आज बहुतेक वेळा हीच सापडते. टर्बिनाफीन हे औषध बुरशीचं एक एन्झाइम बंद पाडतं. या बुरशीच्या अनेक वाणांत त्या एन्झाइमची घडणच एका जागी बदललेली असते, त्यामुळे औषध तिथं नीट बसत नाही. वाराणसीच्या बनारस हिंदू विद्यापीठात २०० पेशंटवर चार गोळ्यांची तुलना झाली. आठ आठवड्यांनी इट्राकोनॅझोलनं ६६ टक्के बरे झाले, फ्लुकोनॅझोलनं ४२, टर्बिनाफीननं २८ आणि ग्रिसिओफुल्विननं फक्त १४. सगळ्यात चांगल्या गोळीनंही तिघांतला एक जण राहिलाच. म्हणून शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी आणून खाऊ नका.

आधी खरवड तपासून घ्या. चट्ट्याच्या कडेला, जिथं तो पसरतोय तिथं, बोथट ब्लेडनं हलकेच खरवडतात. काळ्या कागदावर कोंड्यासारखा पांढरा भुगा पडतो. तो काचपट्टीवर घेऊन पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. कातडीच्या पेशी विरघळत जातात, बुरशी विरघळत नाही. मग सूक्ष्मदर्शकाखाली तिचे फांद्या फुटलेले, मध्ये पेरं असलेले धागे स्पष्ट दिसतात. तपासणी स्वस्त आहे आणि निकाल त्याच दिवशी मिळतो. मात्र जायच्या आधी काही दिवस मलम लावणं थांबवा, नाहीतर धागे दिसत नाहीत.

बायकोचे उपचार तुमच्याबरोबरच सुरू व्हायला हवेत, नाहीतर एकाचं दुसऱ्याला चालूच राहील. देशभर टॉवेल पुरवणारं आपलं गाव, पण घरात चौघांत एक टॉवेल असं मला रोज ऐकू येतं. प्रत्येकाचा वेगळा ठेवा. कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात उलटे वाळवा. कामाची पाळी संपली की घामाची चड्डी लगेच बदला.

प्रश्न : नायट्यासाठी इट्राकोनॅझोलची कॅप्सूल सुरू आहे. पित्त होतं म्हणून सकाळी उपाशीपोटी पँटोप्राझोलसोबतच घेते. वीस दिवस झाले, काही फरक नाही. (पंढरपूर)

ताई, फरक न पडण्याचं कारण बहुधा तुमच्या प्रश्नातच आहे. ही कॅप्सूल विरघळायला पोटात आम्ल लागतं, आणि पित्ताची गोळी तेच कमी करते. कॅप्सूल भरपेट जेवणानंतर लगेच घ्या. पित्ताच्या गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारा. तिच्याऐवजी दुसरा उपाय निघू शकतो. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल किंवा हृदय कमजोर आहे असं कुणी सांगितलं असेल, तर तेही आजच कळवा, कारण तिथं इट्राकोनॅझोल धोक्याचं ठरू शकतं. आणि वीस दिवसांत निराश होऊ नका. हल्ली सहा-आठ आठवडे लागतातच.

प्रश्न : मुलाच्या गालावर पांढरट शिबं आहेत. बुरशीचं मलम लावू का?

नको. लहान मुलांच्या गालावरचे असे फिकट, कोरडे डाग बहुतेक वेळा बुरशीचे नसतात. त्यांचा जंतांशी आणि कॅल्शियमशीही संबंध नाही. साधं मॉइश्चरायझर लावा, उन्हात टोपी घाला. डाग जायला काही महिने लागतात.

प्रश्न : माझी कासेगावला द्राक्षबाग आहे. भुरीसाठी हेक्साकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल फवारतो. डॉक्टरांनी दिलेल्या गोळीच्या नावातही शेवटी 'कोनॅझोल' आहे. दोन्ही एकच का?

एकच नाही, पण घराणं एक. बुरशीच्या पेशीच्या आवरणाला एर्गोस्टेरॉल लागतं, जसं आपल्या पेशीला कोलेस्टेरॉल. ही सगळी औषधं एर्गोस्टेरॉल तयार होऊ देत नाहीत, मग बुरशी वेलीवरची असो की माणसातली. पेशीच्या रचनेत बुरशी जिवाणूंपेक्षा आपल्याला जवळची आहे. तिला मारेल आणि आपल्याला सोडेल असं औषध सापडणं अवघड, म्हणूनच ही औषधं मोजकी आहेत.

चिंता आहे ती इथंच. कुजणाऱ्या पाल्यात वाढणारी ॲस्परजिलस फ्युमिगेटस नावाची बुरशी शेतातल्या फवाऱ्याला सरावते. तिचे कण श्वासातून आजारी माणसाच्या फुप्फुसात गेले तर तिथं दवाखान्यातलं औषधही चालत नाही. हे आधी नेदरलँड्समध्ये लक्षात आलं, नंतर भारतातही अशी बुरशी सापडली. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये १९ धोकादायक बुरशींची यादी केली, त्यात ही सर्वांत वरच्या गटात आहे. तुमच्या नायट्याशी तिचा थेट संबंध नाही. फवारणी बंद करा असं मी म्हणणार नाही, बाग हातची जाईल. पण लेबलवरचं प्रमाण पाळा, लागोपाठ एकाच गटाचं औषध मारू नका, मध्ये गंधकासारखं वेगळ्या गटाचं घ्या. आणि पंपात उरलेलं औषध नायट्यावर लावायचा विचारही करू नका.

प्रश्न : ऊस तोडताना वडिलांच्या डोळ्याला पातं लागलं. चार दिवस झाले, डोळा लाल आहे, बुबुळावर पांढरा ठिपका दिसतो. मेडिकलमधले थेंब घालतोय. अजून वाट पाहू का?

एक दिवसही नको. पात्यासोबत बुबुळात बुरशी शिरते आणि पांढरा ठिपका ही तिची खूण असू शकते. थेंबांत स्टिरॉइड असेल तर ती झपाट्यानं वाढते. तिथंही आधी खरवड काढून तपासतात. दक्षिण भारतातल्या अरविंद नेत्र रुग्णालयांत ३२३ पेशंटवर झालेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नव्या, महागड्या व्होरिकोनॅझोलपेक्षा जुने नॅटामायसिनचे थेंब सरस ठरले, विशेषतः फ्युजेरियम या बुरशीवर. म्हणजे औषध आहे, फक्त ते वेळेत आणि सुरुवातीला दर तासाला पडायला हवं. आजच बुबुळाच्या डॉक्टरांकडे न्या. आत्ताचे थेंब बंद करा, पण बाटली फेकू नका, सोबत न्या. तिच्यात काय होतं हे डॉक्टर सगळ्यात आधी विचारतील.