कोयीपासून फळझाड: लावा, पण आधी एक ठरवा

फळांचा हंगाम आला की कोयी, बाठे, आठळ्या आणि बिया जपून ठेवणाऱ्यांचे प्रश्न येऊ लागतात. यंदाचे बरेच प्रश्न एकसारखे होते, म्हणून त्यांची उत्तरे एकत्र देत आहे. बहुतेकांना विचारायचे असते, 'कोय उगवेल का?' ताजी, निरोगी कोय बहुधा उगवतेच. त्याआधी ठरवायला हवे ते हे की त्या रोपाकडून तुम्हाला काय हवे आहे: खाल्लेल्या फळासारखेच फळ, की नुसते झाड, की कलमासाठी खुंट, म्हणजे ज्यावर दुसऱ्या झाडाची काडी बांधतात ते मुळाकडचे रोप?

प्रश्न: खूप गोड आंब्याची कोय लावली होती. रोप हातभर झाले आहे. याला तसेच आंबे लागतील का?

बहुधा नाही. आपण खातो तो गर सगळा आईझाडाचा असतो. कोयीतला गर्भ मात्र दोन झाडांचा असतो, आईझाडाचा आणि ज्याचे परागकण आले त्या झाडाचा. ते दुसरे झाड कोणते होते हे आपल्याला ठाऊक नसते. शिवाय आंब्याच्या एकाच झाडात इतके संमिश्र गुण दडलेले असतात की त्याच झाडाच्या परागाने फळ धरले तरी रोप आईसारखे निघेल याची खात्री नसते. फळ रेषाळ निघेल, लहान निघेल, आंबट निघेल. क्वचित उत्तमही निघेल, पण तो नशिबाचा भाग झाला.

याला अपवाद आहे तो बहुगर्भी जातींचा. या जातींच्या एका कोयीतून दोन, तीन किंवा त्याहून जास्त कोंब येतात. त्यांतले बहुतेक कोंब परागाशी संबंध नसलेल्या, आईझाडाच्याच पेशींपासून तयार झालेले असतात, म्हणून ते हुबेहूब आईवर जातात. संकरातून आलेला कोंब सहसा किरकोळ असतो आणि पुष्कळदा मागे पडतो. अशा कोयीतले जोमदार कोंब ठेवून खुरटा काढून टाकावा. वेल्लईकोलंबन, ओलूर, चंद्रकरण या जाती बहुगर्भी आहेत. हापूस, केसर, दशहरी, लंगडा एकगर्भी आहेत. तुमच्या कोयीतून एकच कोंब आला असेल, तर आईसारख्या फळाची आशा धरू नका.

बहुतेक लिंबूवर्गीय झाडांतही हा बहुगर्भी गुण असतो. कागदी लिंबाची रोपे सर्रास बियांपासून केली जातात आणि ती आईसारखी निघतात. पपनस मात्र एकगर्भी आहे, तिथे हा नियम चालत नाही. जांभळातही एका बीतून अनेक कोंब येताना दिसतात. मँगोस्टीनचे बी तर परागीकरणाशिवायच तयार होते.

तुमच्या हातभर रोपाबद्दल माझा सल्ला असा: ते उपटू नका आणि तसेच वाढूही देऊ नका. खोड पेन्सिलीइतके जाड झाले की त्यावर मनपसंत जातीचे कलम बांधा. कोयीच्या झाडाला फळ धरायला साधारण ६ ते १० वर्षे लागतात, कलमाला ३ ते ४. कारण कलमकाडी फळत्या, प्रौढ झाडाची असते. खुंटावर बसली म्हणून ती पुन्हा लहान होत नाही.

प्रश्न: कोयी वाळवून डब्यात भरून ठेवल्या होत्या. दोन महिन्यांनी लावल्या तर एकही उगवली नाही. काय चुकले?

वाळवणे चुकले. धान्याचे बी वाळवून टिकते, म्हणून आपण सगळ्याच बियांना तो नियम लावतो. आंबा, फणस, अ‍ॅव्होकॅडो यांचे बी ओले असतानाच जिवंत असते, सुकले की मेले. आंब्याची कोय फळ खाल्ल्यावर शक्य तितक्या लवकर लावावी. महिन्याभरानंतर उगवण झपाट्याने घसरते. फणसाच्या आठळीचेही तसेच. दोन-चार दिवस थांबायचेच असेल, तर गर पूर्ण धुऊन कोय ओलसर भुशात किंवा वाळूत सावलीला ठेवा. उन्हात नाही आणि बंद हवाबंद डब्यातही नाही.

लावण्याआधी कोयी पाण्यात टाका. तरंगतील त्या बाजूला काढा, बुडतील त्या घ्या. मग कात्रीने कडेचा जरासा तुकडा कापून कवच शिंपल्यासारखे उघडा आणि आतला गर, म्हणजे खरे बी, अखंड बाहेर काढा. याने उगवण लवकर होते, पण मला त्यातला दुसरा फायदा मोठा वाटतो: आत काय आहे ते दिसते. गर काळा, पोखरलेला असेल किंवा आत भुंगा सापडला, तर तो कोयीतला भुंगा. बाहेरून फळ निरोगी दिसते आणि किडीचा पत्ता लागत नाही. अशी कोय बागेत फेकू नका, जाळा किंवा खोल पुरा. परदेशातून खिशात कोय आणू नये हेही इथेच सांगतो. विलगीकरणाचे नियम याच भुंग्यासारख्या पाहुण्यांसाठी असतात.

पिशवी किंवा कुंडी उथळ नको. आंब्याचे सोटमूळ पहिल्याच महिन्यात खाली झेपावते. साधारण १५ सेंमी रुंद आणि २५ सेंमी उंच पिशवी, तळाला आणि बाजूंना भोके, आत माती, वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत समान भागांत. कोय नीट पाहिली तर तिची एक कड फुगीर आणि एक आत वळलेली दिसते. फुगीर कड वर ठेवून कोय बसवा आणि वर मातीचा पातळ थर द्या. काढलेला गर असेल तर तो जेमतेम झाकला जाईल इतकाच. ओल असावी, चिखल नको. दोन ते तीन आठवड्यांत तांबूस पालवी वर येते. ती तांबूसच असते, रोग नाही. काही दिवसांत हिरवी होते.

या वयात वरून वेगळे खत देऊ नका. कोयीत रोपाची शिदोरी असते आणि ती कित्येक आठवडे पुरते. उगवल्यावर रोपे देठापाशी मऊ होऊन कोलमडत असतील, तर आधी पाणी कमी करा आणि निचरा तपासा. जमिनीतली बुरशी साचलेल्या ओलीत माजते. मिश्रणात ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी मिसळून ठेवली तर त्रास कमी होतो, पण पाणी आवरल्याशिवाय कुठलेच औषध पुरत नाही.

जागा निश्चित असेल तर माझी पसंती पिशवीपेक्षा थेट खड्ड्याला. कायमच्या जागी दोन-तीन कोयी लावा, जोमदार रोप ठेवा, बाकीची काढा आणि तिथेच त्यावर कलम करा. सोटमूळ न दुखावता खोल जाते आणि झाड वाऱ्या-दुष्काळाला जास्त तोंड देते. पिशवीत फार दिवस राहिलेल्या रोपाचे मूळ तळाशी गुंडाळते. ते दोष वर्षांनी दिसतात, तेव्हा उपाय नसतो. मात्र कोयीच्या आंब्याचे झाड प्रचंड होते. भिंत, टाकी, गटार यांच्यापासून ५-६ मीटर तरी अंतर ठेवा.

प्रश्न: पीच, प्लम, चेरी यांच्या बिया मातीत घालून महिने झाले. काहीच हालचाल नाही.

या बिया मेल्या नसतील, झोपल्या असतील. थंड प्रदेशातली ही झाडे बी लगेच उगवू देत नाहीत. हिवाळा उलटल्याची खूण पटेपर्यंत गर्भ थांबतो. त्यामुळे आपण त्याला खोटा हिवाळा द्यायचा. बी धुवा, दोन-तीन दिवस सावलीत कोरडे होऊ द्या. टणक कवच अडकित्त्याने किंवा पकडीत धरून हलकेच फोडता आले तर उत्तम, आतल्या बीला इजा होता कामा नये. बी दिवसभर पाण्यात भिजवा, मग ओलसर (ठिबकणारी नव्हे) वाळूत किंवा कोकोपीटमध्ये घालून सैल बांधलेल्या पिशवीत फ्रिजच्या खालच्या भागात ठेवा. तापमान २ ते ५ अंश. फ्रीजरमध्ये नाही, आणि पिकलेल्या फळांच्या शेजारीही नाही. पीचला अडीच ते तीन महिने लागतात, चेरीला तीन-चार किंवा जास्त. पंधरा दिवसांनी एकदा बुरशी बघत जा. मुळाचे टोक दिसले की कुंडीत.

एवढे करूनही फसते त्याचे एक कारण असते फळाची जात. लवकर पिकणाऱ्या पीचच्या जातींत गर पिकतो, पण बीतला गर्भ अपुराच राहतो. अशा बीला कितीही थंडी दिली तरी उपयोग नाही. हंगामाच्या शेवटी येणारी फळे घ्या.

पीच बरेचसे स्वपरागित असल्यामुळे त्याची रोपे आंब्यापेक्षा आईच्या जवळ जातात आणि ३-४ वर्षांत फळतात. गोड चेरीला मात्र सहसा दुसऱ्या जातीचा पराग लागतो, त्यामुळे एकटे झाड फुलेल पण फळेल असे नाही. आणखी एक अट झाडाची: यांना फुलण्यासाठी दर हिवाळ्यात ७ अंशांखालचे शेकडो तास लागतात. उबदार हवेत रोप छान वाढेल, पाने येतील, फळ येणार नाही. ही अट फ्रिज पूर्ण करू शकत नाही.

आणि फोडलेल्या बिया चघळू नका. जर्दाळू, पीच, चेरी यांच्या कडू बियांत अमिग्डालिन असते, पोटात त्यापासून सायनाइड सुटते. लहान मुलांच्या हाती तर देऊच नका.

प्रश्न: अ‍ॅव्होकॅडोची बी पाण्याच्या ग्लासवर टेकवून उगवली. आता गच्चीवर कुंडीत आहे. फळ कधी?

शोभेचे झाड म्हणून ठेवा, असे मी सांगेन. बीच्या झाडाला फळ धरायला ५ वर्षांपासून १० वर्षांहून जास्तही लागतात आणि कुंडीत ते तितके वाढतच नाही. शिवाय त्याच्या फुलांचे दोन गट असतात. एका गटाची फुले सकाळी मादी आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नर, दुसऱ्या गटाची दुपारी मादी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर. दोन्ही गटांची झाडे शेजारी असली की फळधारणा सुधारते.

तरीही बी लावण्यात मौज आहे हे मान्य. कॅलिफोर्नियात टपाल खात्यात काम करणाऱ्या रुडॉल्फ हास यांनी १९२६ च्या सुमारास काही बिया लावल्या, त्यांचा हेतू खुंट तयार करून त्यावर त्या वेळची नावाजलेली फुएर्ते जात बांधायचा होता. एका रोपावर कलम काही केल्या जगेना, म्हणून ते तसेच वाढू दिले. त्याची फळे घरच्यांना आवडली. १९३५ मध्ये त्यांनी त्याचे पेटंट घेतले आणि आज जगात सर्वाधिक खपणारी 'हास' जात तीच. मूळ झाड २००२ मध्ये मेले. पण या गोष्टीतून 'आपलीही बी हास निघेल' असे धरू नका. हास यांनी बी खुंटासाठी लावली होती, तुम्हीही तेच करा.

प्रश्न: कलम घरी जमेल का?

जमेल. पहिली काही वाया जातील असे धरून चार-पाच रोपांवर करा. काडी फळणाऱ्या, खात्रीच्या झाडाची घ्या, खोडातून फुटलेल्या जोरदार धुमाऱ्याची नाही. ३-४ महिने वयाची शेंड्याची फांदी निवडा, आठ-दहा दिवस आधी तिची पाने देठ ठेवून कापा. देठ गळतात, डोळे फुगतात, मग काडी १२-१५ सेंमी लांब कापून आणा. खुंट तेवढ्याच जाडीचा असावा. त्याचा शेंडा कापून मधोमध ४ सेंमी चीर द्या, काडीच्या टोकाला तितकीच लांब पाचर करा आणि खोबणीत बसवा. सालीखालचा हिरवट थर किमान एका बाजूने तरी काडी-खुंटाचा जुळलाच पाहिजे. सगळे यश-अपयश इथे ठरते. प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधा, वर लहान पिशवीची टोपी घाला, सावलीत ठेवा. दमट, उबदार हवा याला उत्तम, कोरडा उन्हाळा टाळा. दोन-चार आठवड्यांत डोळे फुटले की टोपी काढा. पट्टी नंतर, जोड पक्का झाल्यावर. चाकू स्वच्छ आणि धारदार हवा. एकाच कापात पाचर जमली नाही तर ती काडी टाका, पुन्हा पुन्हा तासत बसू नका.

यालाच पाचर कलम म्हणतात. आंब्यात दहा-पंधरा दिवसांच्या तांबूस रोपावरही असेच कलम करतात, ते कोय कलम. बोरीला डोळा भरतात, म्हणजे काडीऐवजी एकच डोळा खुंटाच्या सालीत बसवतात. बोराची बी कवच फोडून लावली तर साधारण आठवड्यात उगवते. खजुराचा प्रश्न निराळा: बीची निम्मी झाडे नर निघतात, आणि ते फुलल्यावरच कळते. फळासाठी खजूर बीपासून लावू नका.

प्रश्न: कोयीचे झाड आठ वर्षांचे, छपरापेक्षा उंच, अजून मोहोर नाही. काढून टाकू का?

काढू नका. पॅक्लोब्युट्राझोलचा (वाढ रोखून मोहोर आणणाऱ्या रसायनाचा) सल्ला कोणी दिला असेल तर तोही मी देणार नाही, कारण फळ कसे येईल हेच जिथे ठाऊक नाही तिथे मोहोर ओढून काढण्यात अर्थ नाही. मूळ भक्कम आहे, जात बदला. मुख्य फांद्या जमिनीपासून सोयीच्या उंचीवर छाटा, कापाला बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा. भरपूर धुमारे फुटतील, दर फांदीवर जोमदार दोन-तीन ठेवून बाकी काढा. ते पेन्सिलीएवढे जाड झाले की प्रत्येकावर पाचर कलम करा. एकाच झाडावर दोन जातीही चालतील. एक पानदार फांदी सुरुवातीला न छाटता ठेवा, तिच्या सावलीवर आणि अन्नावर झाड तगून राहते. नव्या कलमांनी जोर धरला की तीही काढा. जोडाखालून येणारी फूट मात्र पुढची काही वर्षे दिसेल तेव्हा खुडावी लागेल.