ड्रॉइंगमध्ये नसेल तर साईटवर कुठून येणार?

मागच्या महिन्यात रस्ते, पाणी, वीज असल्या प्रोजेक्टमधल्या स्त्री-पुरुष समानतेवर थोडंसं लिहिलं होतं, त्यावर इतके प्रश्न आले की या वेळचं अख्खं सदर त्यालाच देऊन टाकलंय. नाव छापू नका असं बऱ्याच जणांनी सांगितलं होतं, म्हणून मग कुणाचंच छापलं नाही.

प्रश्न : ताई, मी आठ वर्षं रोड डिझाईनमध्ये आहे. रस्ता, पूल, फुटपाथ सगळ्यांसाठीच असतात ना? वरून बाई चालली काय नि पुरुष चालला काय, डांबराला काय फरक पडतो? आमच्या कामात हा विषय उगाच घुसवतात असं वाटतं. राग मानू नका.
— एक सिव्हिल इंजिनियर

उत्तर : राग कसला, मनात असूनही लोक विचारत नाहीत तेच तुम्ही विचारलंत.

डांबराला काही फरक पडत नाही, मान्य. पण रस्ता कुठून कुठे जाणार, कुठला आधी होणार, तो ओलांडायचा कुठे आणि कसा, हे सगळं डांबराचा ट्रक यायच्या कितीतरी आधी ठरून गेलेलं असतं, आणि ते ठरवताना कुणाचं जाणं-येणं मोजलं होतं यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. 1999 मध्ये व्हिएन्ना शहराने एका भागातल्या रहिवाशांना विचारलं की तुम्ही रोज कशाने आणि कशासाठी फिरता. पुरुषांचे फॉर्म पटकन भरून झाले, सकाळी कामावर आणि संध्याकाळी घरी, संपलं. बायकांचं लिहिणं मात्र संपेना, कारण मुलाला डॉक्टरकडे न्या, मग शाळेत सोडा, मग कामावर जा, येताना आईचं सामान आणा, मुलांना घेऊन परत या, असं एकात एक अडकलेलं होतं सगळं. इनेस सांचेझ दे मादारियागा या स्पॅनिश अभ्यासक अशा फिरण्याला 'काळजीचा प्रवास' म्हणतात. त्यांचा मुद्दा तुमच्या कामाचा आहे बघा: आपल्या सर्व्हेमध्ये याचे तुकडे होतात, थोडं 'खरेदी'त जातं, थोडं 'सोडायला-आणायला'त, थोडं 'इतर'मध्ये, आणि प्रत्येक तुकडा बारीक दिसतो म्हणून नोकरीचा प्रवास तेवढा मोठा वाटतो आणि रस्ता त्याच्यासाठी आखला जातो. यात कुणाचा वाईट हेतू असतो असं मला अजिबात वाटत नाही, फॉर्मच तसा असतो.

स्वीडनमधल्या कार्ल्सकोगा गावाचं उदाहरण मला फार आवडतं. तिथे बर्फ काढताना मोठे रस्ते आधी आणि फुटपाथ शेवटी असा क्रम वर्षानुवर्षं चालत आला होता, त्यात बाई-पुरुष असा विचार कुणी केलाच नव्हता. मग तपासून बघितलं तर गाडी जास्त करून पुरुष चालवतात आणि पायी, बसने जाणाऱ्यांत बायका जास्त. शिवाय थोड्याशा बर्फातून गाडी निघून जाते, पण बाबागाडी ढकलत चालणारीचे हाल होतात आणि घसरून हाडं मोडतात तीही चालणाऱ्यांचीच. मग क्रम उलटा केला, पाळणाघरांकडे जाणाऱ्या वाटा, फुटपाथ, सायकलचे रस्ते आधी. काम तेच, फक्त आधी काय नि नंतर काय एवढंच बदललं.

तुम्ही एवढंच करा, पुढच्या ट्रॅफिक काउंटला चालणाऱ्यांचीही मोजणी लावा, आणि गर्दीच्या वेळेबाहेर दुपारचीही लावा. कडेवर मूल, हातात पिशवी, सोबत म्हातारं माणूस, असं काय काय दिसतं ते लिहायला एक रकाना ठेवा. आणि पादचारी पुलाला चाळीस-पन्नास पायऱ्या दाखवताना मनातल्या मनात एकदा बाबागाडी उचलून त्या चढून बघा.

प्रश्न : मी पाणीपुरवठ्याच्या प्रोजेक्टवर सोशल कन्सल्टंट आहे. आमच्या जेंडर ॲक्शन प्लॅनमध्ये, म्हणजे प्रोजेक्टमध्ये बायकांसाठी काय काय करायचं त्याच्या आराखड्यात, मीटिंगला 30 टक्के महिला हव्यात असं टार्गेट आहे. ते आम्ही गाठतो, कधीकधी जास्तही येतात, पण कुणी तोंड उघडत नाही. रिपोर्ट छान जातो आणि मला मात्र आतून खोटं वाटत राहतं. काय चुकतंय?

उत्तर : तुम्हाला आतून खोटं वाटतंय ना, ते वाटणं जाऊ देऊ नका, पुष्कळांचं ते दोन-तीन वर्षांत निघून जातं.

माझाच एक अनुभव सांगते. एका प्रोजेक्टवर सार्वजनिक नळांची ठिकाणं ठरवायला मीटिंग घेतली होती, तीस-बत्तीस बायका आल्या, भिंतीला टेकून बसल्या, आम्ही नकाशा दाखवला, सगळ्यांनी माना हलवल्या, सह्या-अंगठे झाले. नळ बसले. सहा महिन्यांनी मी सहज तिथे उभी होते तर एक बाई पाण्याचा कॅन तिरपा करून तोटीखाली घालत होती, कारण तोटी आणि ओट्यामधली जागा एवढी कमी होती की कॅन उभा मावतच नव्हता. तिरपा कॅन अर्धाच भरायचा. म्हणजे जिथे एक खेप पुरली असती तिथे दोन. आणि भरलेला कॅन जमिनीपासून उचलून खांद्यावर घ्यायचा, मधे कमरेएवढ्या उंचीवर टेकवायला काही नाही. मी तिला विचारलं, मीटिंगमध्ये का नाही बोललात? ती म्हणाली, "तुम्ही जागा विचारली होती, उंची कुठे विचारली?"

खरंच नव्हती विचारली. ज्याने ते ड्रॉइंग काढलं त्याने कधी पाणी भरलं नव्हतं, आणि ते तपासणाऱ्या मीही नाही. ओटा तीन-चार इंच खाली आणि शेजारी एक दगडी टेकण, एवढंच हवं होतं, पण सगळे नळ बसून गेल्यावर ते करायचं म्हणजे तोडफोड आली, आणि त्याला पैसे कुठून आणायचे यावरच पुढचं वर्ष गेलं. त्या दिवसापासून मी मीटिंगमध्ये नकाशा नेतच नाही आधी, जिथे काम चालतं तिथे जाऊन उभी राहते आणि करून दाखवा म्हणते. बसलेली बाई गप्प असते, तीच हातात कॅन आला की सगळं सांगते.

मीटिंगची वेळ कोणती ठेवता? पुरुषांच्या सोयीची संध्याकाळ असेल तर बायकांचं अर्धं लक्ष घरी असतं. मुलांना सांभाळायला कुणी असतं का? आधी फक्त बायकांची बैठक घेऊन तिथले मुद्दे मग सगळ्यांच्या बैठकीत मांडले तर फरक पडतो, हे मी खूप वेळा बघितलंय. आणि टक्केवारी लिहायचीच असेल तर बायकांनी मांडलेल्यापैकी किती मुद्द्यांनी डिझाईन बदललं तेही लिहा. तो आकडा शून्य असेल तर शून्य लिहा.

आणखी एक. बायकांना काय हवं याची यादी दुसरीकडून आणू नका. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर दुफ्लो या अभ्यासकांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या 265 ग्रामपंचायतींचा अभ्यास केला होता, 2004 मध्ये आला तो. सरपंचपद बायकांसाठी राखीव असलेल्या गावांत पिण्याच्या पाण्यावर जास्त खर्च झाला, दोन्ही राज्यांत. पण रस्त्याचं बघा, बंगालमध्ये बायकांची रस्त्याची मागणीही जास्त होती आणि तिथे रस्त्यावर जास्त खर्च झाला, राजस्थानात मात्र बायकांच्या मागण्यांत रस्ता तेवढा वर नव्हता आणि तिथे तो कमी झाला. बायका दोन्हीकडे सरपंच, गरजा वेगळ्या. म्हणून तिथे जाऊन विचारायला पर्याय नाही. आणि ठरवायच्या खुर्चीवर कोण बसलंय याने पैसा कुठे जातो ते बदलतं, म्हणून पाणी समितीत बायका नुसत्या सदस्य असून भागत नाही, बँक खात्यावर सही कुणाची चालते ते बघा.

पेरूमध्ये ग्रामीण रस्त्यांच्या प्रोजेक्टमध्येही असंच झालं होतं. गाड्यांचे रस्ते दुरुस्त करायचं ठरलं होतं, बायका म्हणाल्या आम्ही तर जनावरं घेऊन पायवाटांनी जातो, त्यांचं काय? मग त्या वाटाही दुरुस्तीत घेतल्या.

प्रश्न : ताई, मी साईट इंजिनियर आहे, साईटवर मी एकटीच मुलगी. सेफ्टी शूज सगळ्यात लहान साईझचे पण मला मोठे होतात, दोन मोजे घालून चालते. टॉयलेटला जायचं टाळायला पाणी कमी पिते. तक्रार केली तर 'नाजूक' म्हणतील.

उत्तर : पोरी, आधी पाणी प्यायला लाग. हे प्रेमाने पण जरा दरडावूनच सांगतेय. मूत्रमार्गाचं इन्फेक्शन एकदा मागे लागलं की पाठ सोडत नाही.

यात नाजूकपणा कुठून आला? सैल बूट घालून मचाणावर चढणं हा सेफ्टीचा प्रश्न आहे आणि तो तसाच मांडायचा, सेफ्टी ऑफिसरकडे, लेखी, 'बूट पायात बसत नाहीत, घसरून पडण्याचा धोका आहे' अशा शब्दांत. हार्नेसचंही, म्हणजे उंचीवर काम करताना अंगाला बांधायच्या पट्ट्याचंही, तपासून घे, अंगाला नीट न बसणारा हार्नेस वेळेला उपयोगी पडत नाही. टॉयलेट आतून बंद होणारं, उजेड असलेलं, पाणी आणि झाकणाची कचरापेटी असलेलं हवं आणि जवळ हवं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 2019 चा 190 क्रमांकाचा करार आहे, कामाच्या ठिकाणच्या हिंसा आणि छळावरचा. त्यात कामाची जागा म्हणताना स्वच्छतागृह, कपडे बदलायची जागा, कामावर जायचा-यायचा प्रवास आणि मालकाने दिलेलं राहायचं ठिकाण हे सगळं धरलंय, म्हणजे साईटच्या टॉयलेटला जाताना कुणी त्रास दिला तर तोही कामाच्या जागीच झालेला छळ. साईटवर मजूर बायका असतील तर त्यांनाही सोबत घे, त्यांना तर बूटही मिळालेले नसतात बरेचदा. आणि मला परत लिही, काय झालं ते.

प्रश्न : आम्ही कंत्राटदार आहोत. टेंडरमध्ये नसलेल्या गोष्टी आम्ही कुठल्या पैशातून करायच्या? वर हे छळ, हिंसा वगैरे पोलिसांचं काम, आमचं नाही.

उत्तर : पहिल्या वाक्याला माझा पूर्ण पाठिंबा. पाळणाघर, वेगळी टॉयलेट, लेबर कॅम्पमधले दिवे, योग्य मापाचे बूट, हे बिल ऑफ क्वांटिटीजमध्ये, म्हणजे टेंडरमधल्या कामांच्या यादीत, स्वतंत्र आयटम म्हणून रेटसकट यायला हवं, 'कंत्राटदार आवश्यक त्या सोयी करील' असं मोघम वाक्य टाकलं की जो प्रामाणिकपणे खर्च धरतो त्याचंच टेंडर महाग होतं आणि न धरणारा काम घेऊन जातो. हे टेंडर काढणाऱ्यांनी सुधारायला हवं, आणि टेंडर भरण्याआधीच्या प्री-बिड मीटिंगमध्ये तुम्ही हा प्रश्न विचाराच.

दुसऱ्या वाक्याशी मात्र मी सहमत नाही. युगांडातल्या एका रस्त्याच्या प्रोजेक्टचा निधी जागतिक बँकेने डिसेंबर 2015 मध्ये रद्द केला. बाहेरून आलेल्या रस्त्याच्या कामगारांकडून तिथल्या अल्पवयीन मुलींचं लैंगिक शोषण झाल्याचं समोर आलं होतं. शेकडो पुरुष घरापासून लांब, हातात पैसा, आजूबाजूला गरीब वस्ती, शाळेची वाट कॅम्पवरून जाते, तक्रार करायची तर ज्याच्याविरुद्ध करायची त्याच्याच मुकादमाकडे. हे सगळं तुमच्या प्रोजेक्टमुळे तिथे तयार झालेलं असतं, मग जबाबदारी फक्त पोलिसांची कशी? पोलीस येतात तोवर एखाद्या मुलीचं आयुष्य उलटंपालटं झालेलं असतं. कॅम्पची जागा शाळेच्या वाटेपासून दूर ठेवणं, कामगारांकडून आचारसंहितेवर सही घेताना ती त्यांच्या भाषेत वाचून दाखवणं, तक्रारीसाठी कंत्राटदाराबाहेरची एक बाई नेमणं, हे तिन्ही तुमच्या हातात आहे.

प्रश्न : वीज आली की बायकांचं आपोआप भलं होतं ना? मग वेगळं काय करायचं?

उत्तर : होतं, बऱ्याचदा. दक्षिण आफ्रिकेत क्वाझुलू-नाताल भागात गावांत वीज गेल्यावर बायकांचं काम-रोजगारातलं प्रमाण साधारण 9 टक्के बिंदूंनी वाढलं, म्हणजे दर शंभरांत साधारण नऊ बायका जास्त कामाला लागल्या, असं अर्थशास्त्रज्ञ टॅरिन डिंकेलमन यांच्या 2011 च्या अभ्यासात आहे, घरकामाचा वेळ वाचला हे त्याचं मोठं कारण. पण 'आपोआप' कुठवर, तर तार घरापर्यंत आली तिथवर. कनेक्शनचा अर्ज घर कुणाच्या नावावर आहे ते विचारतो, आणि एकट्या बाईचं घर तिथेच अडकतं. तो अर्ज बदला.

प्रश्न : मी स्थापत्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. याच विषयावर छोटा प्रोजेक्ट करायचाय, सुरुवात कुठून करू?

उत्तर : एक बसस्टॉप घे आणि त्याच्याभोवती पाचेकशे मीटरचा भाग. एखाद्या बाईबरोबर तिचा पूर्ण दिवस चाल, आणि दुसऱ्या दिवशी तेवढंच एखाद्या पुरुषाबरोबर. कुठे थांबावं लागलं, कुठे वाट वाकडी केली, कुठे मूल उचललं, कुठे अंधार म्हणून पावलं भरभर पडली, हे वेळेसकट नकाशावर मांड. दिव्यांचा उजेड रस्त्याच्या मधोमध पडतो की फुटपाथवर, तेही रात्री जाऊन बघ, पुष्कळ ठिकाणी खांब गाड्यांसाठी लावलेले असतात आणि फुटपाथ झाडाच्या सावलीत काळोखात असतो. मोबाईलवर उजेड मोजायचं ॲप मिळतं, अगदी अचूक नसतं पण या दोन जागांमधला फरक कळायला पुरतं.

आणि त्या बाईला आधी विचार की तिला वेळ आहे का. तुझ्याशी बोलण्यात तिचं जे काम मागे पडेल ते रात्री तिलाच करायचंय, तेव्हा तू बरोबर चालताना तिची एक पिशवी तरी तुझ्या हातात असू दे.