छेद, भोक, फट आणि नेढं
अरे मराठीत लिहायला लागलास मस्तच, पण तू लिहिलंस ते 'बनियानला छेद पडला' हे आपलं इंदुरी मराठी झालं, सरळ हिंदीतून उचललेलं. मराठीत छेद म्हणजे अपूर्णांकातला खालचा आकडा, बनियानला भोक पडतं. दार नीट लागलं नाही तर फट राहते, त्यातून आत येतो तो कवडसा. छिद्र सायन्सच्या पुस्तकात ठीक, चाळणीला भोकंच असू देत.

आणि माझा लाडका शब्द नेढं! सुईच्या ज्या भोकात दोरा ओवतो ना, ते. आजी दोऱ्याचं टोक थुंकीने ओलं करून विचारायची, "नेढं दिसतंय का रे तुला?" गंमत म्हणजे राजगडाच्या सुवेळा माचीवर आणि रतनगडावर कातळात आरपार भोक आहे, त्यालाही नेढंच म्हणतात, चांगली चार माणसं आत बसतील एवढं मोठं.